उमेदवार बोलतो त्यातलं विधायकाच्या हातात किती?

विधानसभेची निवडणूक जवळ आली की इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात उमेदवार एका दमात पाच गोष्टी सांगून जातो. नाला झाकू, नळाला रोज पाणी आणू, दवाखाना चोवीस तास चालवू, सरकारी शाळा सुधारू, बहिणींच्या खात्यात जास्त पैसे टाकू. ऐकताना पाचही कामं एकाच माणसाच्या हातची वाटतात. प्रत्यक्षात नाला नगर निगमचा. पाण्याची लाइन निगमची, पण मोठ्या कामाचा पैसा बराचसा भोपाळ आणि दिल्लीहून येणारा. दवाखाना राज्याच्या आरोग्य विभागाचा, शाळा शिक्षण विभागाची, आणि बहिणींची रक्कम ठरणार मंत्रिमंडळात. महाराष्ट्रात ज्याला आमदार म्हणतात त्या आपल्या विधायकाची ताकद या प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. कुठे त्याची सही चालते, कुठे त्याला सभागृहात प्रश्न विचारता येतो, कुठे नुसता पाठपुरावा करता येतो. हे एकदा नीट कळलं की उमेदवाराला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत: शहरातल्या इंदूर-1 ते इंदूर-5, आणि राऊ, महू, सांवेर, देपालपूर. राज्यात एकूण 230. मागचं मतदान 17 नोव्हेंबर 2023 ला झालं, म्हणजे ठरल्या वेळेनुसार पुढचं 2028 च्या अखेरीस. त्याच वर्षी उज्जैनला सिंहस्थ आहे, त्यामुळे बजेट, नदी आणि पाणी हे विषय या वेळी एकमेकांत गुंतलेले असतील.

बजेट: अडीच कोटी आणि बाकीचे

उमेदवार 'मी करून देईन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा विधायक निधी असतो. मध्य प्रदेशात ही रक्कम 2022 साली वर्षाला अडीच कोटी झाली. विधायक काम सुचवतो, जिल्ह्याचं योजना कार्यालय ते तपासतं, मग बांधकाम विभाग किंवा निगम ते करतं. या पैशातून सामुदायिक भवन होतं, रस्त्याचा तुकडा होतो, शाळेची खोली होते. शिक्षकाचा किंवा नर्सचा पगार यातून निघत नाही.

आता दुसरा आकडा पाहा. राज्याचं 2025-26 चं बजेट सुमारे 4 लाख 21 हजार कोटींचं होतं. त्याला 230 ने भागलं तर एका मतदारसंघामागे सुमारे 1,830 कोटी येतात. पैसा असा सारखा वाटला जात नाही, आणि त्यात पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज हे सगळं धरलेलं आहे, तरी प्रमाणाचा अंदाज येतो. विधायक निधी म्हणजे हजारातला दीड रुपयासुद्धा नाही. म्हणून अडीच कोटींत काय बांधणार हे ऐकून घ्या, पण उरलेल्या पैशाबद्दल तुमचं म्हणणं काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

त्या मोठ्या पैशावर विधायकाचा अधिकार विचित्र आहे. राज्यघटनेच्या 203 व्या कलमानुसार विधानसभा एखाद्या विभागाची खर्चाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय कोणतीही मागणी सभागृहात येतच नाही, म्हणजे व्यवहारात सरकारनेच ती आणायची. 'बजेटमध्ये आपल्या भागासाठी शंभर कोटी वाढवून घेईन' असं सभागृहातल्या मतदानाच्या जोरावर कुणालाच करता येत नाही. विरोधी विधायक कपात सूचना देऊ शकतो. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची, एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कापण्याची. सत्तेतला विधायक पक्षाच्या व्हिपच्या विरोधात मत देऊ शकत नाही, कारण 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याची जागाच जाऊ शकते. त्यात बैठकाही थोड्या. 2025 च्या बजेट अधिवेशनात जेमतेम नऊ बैठका होत्या. एवढ्या वेळात सगळ्या विभागांवर चर्चा होणं शक्यच नसतं. ज्यांची पाळी येत नाही त्या मागण्या शेवटच्या दिवशी एकत्र मतदानाला टाकून मंजूर होतात.

मग काम बजेटमध्ये शिरतं कसं? पावसाळा सरल्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून विभाग आपापले प्रस्ताव जमवू लागतात, हिवाळ्यात वित्त विभागाशी बैठका होतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये छापील बजेट सभागृहात येतं. ज्या विधायकाचं पत्र जागेच्या कागदांसह आणि अंदाजपत्रकासह दिवाळीच्या सुमाराला विभागात पोचलं, त्याचं काम यादीत येण्याची शक्यता खरी. मार्चमध्ये भाषण करणाऱ्याला पुढच्या अनुपूरक बजेटची, म्हणजे वर्षाच्या मधल्या पुरवणी मागण्यांची, वाट पाहावी लागते. ते साधारण पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात येतं.

यादीत नाव आलं की काम झालं, असंही नाही. पुष्कळ नव्या कामांसमोर नाममात्र तरतूद असते. काम दहा कोटींचं आणि त्या वर्षी समोर काही हजार रुपये. त्याचा अर्थ एवढाच की दार किलकिलं झालं. पुढे प्रशासकीय स्वीकृती, तांत्रिक स्वीकृती, टेंडर आणि कार्यादेश या चार पायऱ्या उरतात. जमिनीचा वाद, टेंडरला एकच बोली, अंदाजपत्रकातले दर जुने झालेले, यांपैकी एकही गोष्ट वर्ष खाऊ शकते. 31 मार्चपर्यंत न खर्चलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागावा लागतो. बॅनरवर 'स्वीकृत' लिहिलेलं दिसलं की एकच विचारा: कोणती स्वीकृती?

बजेटची पुस्तकं हिंदीत असतात आणि महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला त्यातले शब्द थोडे अडतात. आपला मागणी क्रमांक तिथे 'मांग संख्या', पुरवणी मागण्या म्हणजे 'अनुपूरक', लक्षवेधी सूचना म्हणजे 'ध्यानाकर्षण', कपात सूचना म्हणजे 'कटौती प्रस्ताव'. सर्वांत उपयोगी तीन शब्द म्हणजे 'बजट अनुमान', 'पुनरीक्षित अनुमान' आणि 'वास्तविक'. समजा एखाद्या योजनेला सुरुवातीला 100 कोटी धरले. वर्षाच्या शेवटाकडे सुधारून ते 60 केले आणि प्रत्यक्षात 45 खर्च झाले. उमेदवार शंभराचा आकडा सांगतो, बातमीही शंभराची होते, पण मोहल्ल्यापर्यंत 45 चं काम पोचलेलं असतं. 'वास्तविक' हा रकाना दोन वर्षं मागचा असतो म्हणून कुणी तो पाहत नाही. पाहायचा तोच. विद्यमान विधायक पुन्हा उभा असेल तर त्याच्या काळातले दोन-तीन रकाने सहज तपासता येतात.

आता लाडली बहना, म्हणजे बहिणींच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकणारी राज्याची योजना. योजना जून 2023 मध्ये महिना 1,000 रुपयांनी सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 1,250 झाले आणि 2025 च्या नोव्हेंबरपासून 1,500. लाभार्थी सव्वा कोटीच्या आसपास. गुणाकार घरी करण्यासारखा आहे. सव्वा कोटी गुणिले 1,500 गुणिले 12 म्हणजे वर्षाला 22,500 कोटी. महिना शंभर रुपये वाढवले की वर्षाला 1,500 कोटी वाढतात. कमावत्या हाताला घरात मान मिळतो, औषधपाणी सुटतं, मुलीची फी भरली जाते, हे खरंच आहे, आणि ज्या घरात हा पैसा जातो तिथे त्याची किंमत कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठी असते. तरीही रक्कम वाढवू म्हणणाऱ्याने पैसा कुठून येणार ते सांगायलाच हवं. जीएसटीचे दर 2017 पासून राज्य एकट्याने बदलू शकत नाही. हातात उरतो पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचा अबकारी कर, रजिस्ट्रीचं मुद्रांक शुल्क (कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे जमीन-घरांचे सरकारी दर, वाढली की तेही वाढतं), वाहन कर, वीज शुल्क. केंद्राच्या वाटपयोग्य करांतले 41 टक्के राज्यांना मिळतात आणि पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी त्यातला 7.85 टक्के हिस्सा मध्य प्रदेशला दिला होता. तो आयोगाने ठरवायचा, विधायकाने नाही. उरलं कर्ज. त्यालाही राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) साधारण 3 टक्के तुटीची मर्यादा आहे. यांपैकी काहीच नको असेल तर दुसऱ्या एखाद्या कामाचा पैसा कापावा लागेल, आणि त्या कामाचं नाव उमेदवाराने आपल्या तोंडून घ्यायला हवं.

एक गोष्ट निवडणुकीत क्वचितच ऐकू येते आणि इंदूरसाठी ती फार महत्त्वाची आहे. जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात राज्य दर महिन्याला निगमला चुंगी क्षतिपूर्ती देतं. विजेची बिलं थकली की याच रकमेतून कापून घेतली जातात. इंदूरचं नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर ढकलत, घाट चढवून आणावं लागतं, म्हणून निगमच्या खर्चात वीज हा फार मोठा भाग. त्यासाठीच 2023 च्या फेब्रुवारीत निगमने 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले आणि जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. बाँड म्हणजे कर्ज, ते व्याजासह फेडायचं असतं. निगमला मिळणारी रक्कम वेळेवर आणि पूर्ण यावी यासाठी भोपाळमध्ये तुम्ही काय कराल, हा प्रश्न विधायकालाच विचारायचा. महापौर आणि पार्षद (नगरसेवक) विधानसभेत बसत नाहीत.

आरोग्य: इमारत उभी राहते, माणसं येत नाहीत

आरोग्य हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे इथे विधायकाला 'हे माझ्या हातात नाही' म्हणायला फारशी जागा नाही. 2023 च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार (एसआरएस) देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी 25 वर्षाच्या आत दगावत होती, मध्य प्रदेशात 37. देशात सर्वांत वाईट आकड्यांत आपला आकडा आहे. इंदूरची खाजगी हॉस्पिटलं आणि एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय पाहून हे खरं वाटत नाही, पण एमवायच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या धार, झाबुआ, खरगोनहून आलेल्या असतात. तिथलं आरोग्य केंद्र चाललं तरच इथली खाट मोकळी होते.

मापं ठरलेली आहेत. मैदानी ग्रामीण भागात 5,000 लोकांमागे उपकेंद्र, 30,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, 1,20,000 मागे सामुदायिक केंद्र. शहरात 50,000 मागे एक नागरी आरोग्य केंद्र. शहरी मतदारसंघाची वस्ती चार लाख धरली तर आठ केंद्रं हवीत. आपल्या भागात किती आहेत, आणि त्यातल्या किती ठिकाणी डॉक्टर रोज येतो, हे संजीवनी क्लिनिकच्या पायरीवरच कळतं.

'दवाखाना चोवीस तास' या वचनामागचं गणित बहुतेक उमेदवारांनी केलेलं नसतं. एका खुर्चीवर चोवीस तास कुणीतरी बसायचं तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एक माणूस आठवड्यात सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, बाळंतपणाची सुट्टी धरली की एका नर्सच्या जागेसाठी पाच नर्सेस लागतात. डॉक्टर, औषधवाला, लॅबवाला यांचंही तसंच. इमारत एकदाच बांधायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. नवीन पदांना आधी वित्त विभाग आणि मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, म्हणून फीत कापून झाल्यावरही दोन-दोन वर्षं कुलूप दिसतं. विचारताना तीन आकडे मागा: स्वीकृत पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. 'डॉक्टर आणू' हे उत्तर पुरत नाही. डॉक्टरांची भरती राज्य लोकसेवा आयोग करतो, ज्याचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे.

भरतीतली एक अडचण भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये बसलेल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. ओबीसी आरक्षण 14 वरून 27 टक्के करण्याचा 2019 चा कायदा कोर्टात अडकला आणि 2022 पासून अनेक भरत्यांचे निकाल 87 आणि 13 अशा दोन भागांत लागले. 13 टक्के जागांचा निकाल कोर्टाच्या निर्णयापर्यंत राखून ठेवलेला. रिक्त पदं भरू म्हणणाऱ्याने, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, या अडकलेल्या जागांवर आपली बाजू सांगितली पाहिजे.

आयुष्मान कार्डाबद्दल एक नीट समजून घ्या. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो. खर्चाचे 60 टक्के केंद्राचे, 40 राज्याचे. पण हे भरती झाल्यावर. साखर, ब्लड प्रेशर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्या आणि ओपीडीची फी त्यात येत नाही, आणि पेन्शनवर जगणाऱ्या घरांचा महिन्याचा खर्च तिथेच असतो. त्यावर इलाज म्हणजे सरकारी केंद्रात मोफत औषधं सलग मिळणं. उमेदवाराला विचारा: केंद्रात कोणती औषधं कधी संपलेली होती, याची यादी तुम्ही विधानसभेत मागाल का?

आणि औषध शुद्ध आहे का? 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं गेली. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघालं. चालतं ते जास्तीत जास्त 0.1 टक्का. हा पदार्थ किडनी बंद पाडतो. बाजारातल्या औषधांचे नमुने घेणं हे राज्याच्या औषध निरीक्षकांचं काम. निरीक्षक किती, वर्षात नमुने किती, अहवालाला दिवस किती, हे तीन तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) प्रश्न कोणताही विधायक विचारू शकतो. त्यासाठी सत्तेत असावं लागत नाही.

पर्यावरण: पाण्यापासून सुरुवात

2025 च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या भागीरथपुरात नळाच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसं दगावली. देशात स्वच्छतेत सलग पहिल्या आलेल्या शहरात. हे का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण त्यामागची व्यवस्था शहरभर सारखीच आहे. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही थोडा वेळ येतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, फुटीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि त्याच फुटीतून आजूबाजूचा ओलावा आत ओढला जातो. शेजारी गटाराची लाइन किंवा शौचालयाचा खड्डा असेल तर मैलाच आत येतो. टाकीवर क्लोरीन घातलेलं असतं, पण मधेच शिरलेल्या घाणीपुढे ते संपून जातं. म्हणून तपासायचं नळाच्या तोंडाशी. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको. उमेदवाराकडून 'शुद्ध पाणी देऊ' ऐकून थांबू नका. जुनी लाइन बदलण्याचा क्रम काय, नळावरच्या तपासणीचे अहवाल झोन कार्यालयाबाहेर दर आठवड्याला लावायला लावाल का, दूषित पाण्याच्या तक्रारीवर पुरवठा किती तासांत थांबवायचा याचा नियम करून घ्याल का, हे विचारा. काम निगमचं आहे, पण लाइन बदलायचा मोठा पैसा आणि नियम दोन्ही भोपाळहून येतात.

दुसरं कान्ह नदीचं. आपला कान्ह-सरस्वतीचा प्रवाह सांवेरच्या बाजूने उज्जैनला जाऊन क्षिप्रेला मिळतो. नगरपालिका ज्या मापाने हिशोब करतात तो असा: माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं. शहर तीस लाखांचं धरलं तर रोज 40.5 कोटी लिटर पाणी आणि 32.4 कोटी लिटर सांडपाणी. बोअरिंगचं पाणी वापरणारी घरं आणि सांवेर रोडचे कारखाने वेगळे. उमेदवार 'शुद्धीकरण प्रकल्प बांधू' म्हणाला की विचारा: रोज किती कोटी लिटरचा, आणि तिथपर्यंत सांडपाणी नेणारी लाइन प्रत्येक नाल्याला जोडली आहे का? प्रकल्प असतो, विजेचं बिलही येतं, पण नाल्याचं पाणी बायपास होऊन सरळ नदीत जातं, हा नेहमीचा बिघाड आहे.

शुद्ध केलेलं पाणी आणि स्नानाचं पाणी यांत फरक आहे, तो सिंहस्थाच्या वर्षी सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पाण्यातली सडणारी घाण मोजण्याचं माप बीओडी. राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2019 साली प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी लिटरमागे 10 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. स्नानासाठीच्या नदीची मर्यादा 3. म्हणजे प्रकल्प उत्तम चालला तरी त्याचं पाणी पवित्र स्नानाच्या योग्यतेचं होत नाही. त्यात भरपूर वाहतं चांगलं पाणी मिसळावं लागतं. क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःचा प्रवाह जवळजवळ नाही. 2014 पासून नर्मदेचं पाणी सेकंदाला पाच घनमीटरच्या क्षमतेने उचलून इंदूरजवळच्या उज्जैनी गावात क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्याची सोय झाली. पाच घनमीटर म्हणजे पूर्ण चाललं तर रोज 43.2 कोटी लिटर, आणि तेवढी वीज. मेळा संपल्यावर हा पंप किती दिवस चालेल आणि बिल कोणत्या विभागाचं, याचं उत्तर पर्व संपायच्या आधीच मिळायला हवं.

कारखान्यांना परवाना राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, 1974 च्या जल कायद्याखाली आणि 1981 च्या वायू कायद्याखाली: एक उभारणीचा, दुसरा चालवण्याचा. परवान्यात किती सांडपाणी आणि कोणत्या मर्यादेत, ते लिहिलेलं असतं. आपल्या भागातल्या कारखान्याबद्दल भांडायचं तर तो कागद हातात हवा. शेजारच्या धार जिल्ह्यातल्या पीथमपूरमध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा जाळण्याचं काम 2025 च्या जूनअखेर संपलं. राखेची आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी मात्र कैक वर्षं चालू ठेवावी लागते. यशवंतसागराचं पाणी इंदूर पितं आणि तो तलाव 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, म्हणून ही चौकशी धारच्या विधायकावर सोडून चालणार नाही.

झाडांबद्दल थोडक्यात. 14 जुलै 2024 ला रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून अधिक रोपं लागली, विक्रम झाला. आता मोजायची ती जगलेली झाडं, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर.

शिक्षण

2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्काचा कायदा शिक्षकांची संख्या सांगतो. प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 असतील तर तीन. 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच, आणि सहावी ते आठवीत 35 मागे एक. एकाच शिक्षकावर चालणारी शाळा म्हणजे कायद्याचा भंग, मग तिला रंग कितीही छान दिलेला असो. प्रत्येक शाळेला यूडायस क्रमांक असतो आणि त्यावरून तिचं रिपोर्ट कार्ड कुणालाही इंटरनेटवर पाहता येतं: मुलं किती, शिक्षक किती, मुलींचं शौचालय चालू आहे का. उमेदवार दारात यायच्या आधी आपल्या वॉर्डातल्या दोन शाळांचे कागद काढून ठेवा.

सीएम राइज शाळांचं नाव 2025 च्या एप्रिलपासून सांदीपनी विद्यालय झालं. मूळ कल्पना 9,200 शाळांची, पहिल्या टप्प्यात 275. मोठी शाळा, बस, प्रयोगशाळा, कल्पना चांगलीच आहे. काळजी आहे ती मधल्या काळाची: मोठी शाळा होईपर्यंत, आणि झाल्यावरही, जवळची छोटी शाळा ओस पडली तर सात-आठ वर्षांची मुलगी दूर जाणार नाही. बस खरंच फिरते का, अतिथी शिक्षकांचं मानधन वेळेवर मिळतं का, या दोन गोष्टींवर तिचं शिक्षण अवलंबून आहे.

खाजगी शाळांच्या फीसाठी राज्यात 2017 चा कायदा आहे. वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढ शाळा स्वतः करू शकते, 10 ते 15 साठी जिल्हा समितीची परवानगी, त्यापुढे राज्य समितीची. वर्षाची फी 25 हजारांपर्यंत असणाऱ्या शाळांना 2024 च्या दुरुस्तीने सूट मिळाली. फी वाढली की उमेदवाराकडे जाण्याआधी गेल्या वर्षीची आणि या वर्षीची पावती घेऊन जिल्हा समितीकडे लेखी तक्रार करा. एका घरापेक्षा पंधरा-वीस पालकांच्या सह्या असलेला अर्ज पुढे सरकतो.

आणि आपल्या भाषेचं. घटनेचं 350-अ कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा. होळकरांच्या शहरात मराठी शिकवणारा शिक्षक शोधावा लागावा, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. मे 2025 मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली. त्या आदराचा एक भाग शाळेच्या वेळापत्रकात उतरावा, अशी मागणी आपण करू शकतो. मागताना 'मराठीचा विकास' असं मोघम लिहू नका. कोणत्या शाळेत, पहिली ते पाचवीच्या कोणत्या वर्गात, किती मुलं, आठवड्याचे किती तास आणि एक शिक्षक पद, असं लिहा. वर्गात बसायला तयार मुलांच्या पालकांच्या सह्या जोडल्या नाहीत तर विभागाचं पहिलं उत्तर 'विद्यार्थी नाहीत' हेच येतं.

शब्द तपासायचे कसे

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत फॉर्म 26 चं शपथपत्र द्यावं लागतं: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्ह्यांच्या नोंदी. निवडणूक आयोगाच्या साइटवर ते मोफत पाहता येतं. विद्यमान विधायकाने काय प्रश्न विचारले ते विधानसभेच्या प्रश्नोत्तर याद्यांत सापडतं. तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे, अतारांकित लेखी उत्तराचे. सिमेंट रस्त्यावर वीस प्रश्न आणि दवाखान्यातल्या रिक्त पदांवर एकही नसेल, तर आरोग्याबद्दलचं त्याचं मत आपल्याला मिळालं. नव्या उमेदवाराकडे असा इतिहास नसतो, म्हणून त्याला चार गोष्टी लेखी मागा: काम कोणत्या विभागाचं, अंदाजे रक्कम किती, ती कोणत्या बजेटमध्ये मागणार, आणि झालं हे आपण कशावरून ओळखायचं. सभेत माइकवर विचारलं तर टाळ्या मिळतात. कार्यालयात कागद देऊन पोच घेतली तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. सरकारी आकडा अडला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

एक हिशोब वेळेचा. 2028 च्या अखेरीस मतदान झालं तर नवं सरकार डिसेंबरात बसेल आणि पहिलं बजेट लगेच फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. त्याचे प्रस्ताव मात्र आधीच्या शरदातच विभागांनी जमवलेले असतील. म्हणजे नव्या विधायकाचा स्वतःचा हात पहिल्यांदा दिसेल तो 2029 च्या पावसाळी अधिवेशनातल्या अनुपूरक बजेटमध्ये, आणि पूर्णपणे 2030 च्या मार्चमध्ये. त्यासाठी त्याचं पत्र 2029 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलं पाहिजे. निवडून आल्यावर सत्काराच्या दिवशी हार घालायला जाल तेव्हा ही तारीख त्याच्या डायरीत लिहून द्या, आणि गणपती उठले की पत्राची प्रत मागायला जा.